वाटीभर पावडर आणि अंगावरचे पुरळ

पत्राचा सारांश: अमरावती जिल्ह्याच्या संत्रापट्ट्यातून एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्यांच्या विनंतीवरून नाव आणि गाव वगळले आहे. त्यांच्या कुटुंबाने संत्र्याच्या बागेतच पर्यटकांसाठी खोल्या बांधल्या असून हुरड्याच्या दिवसांत अमरावती-नागपूरकडची कुटुंबे तेथे दोन-दोन दिवस राहायला येतात. सुमारे ६०,००० लिटरचा स्विमिंग टँक आधीपासून होता. यंदाच्या थंडीसाठी बुडबुडे सोडणारा, १,५०० लिटरचा गरम पाण्याचा टब बसवून घेतला. जानेवारीत आलेल्या एका मोठ्या कुटुंबाचा परत गेल्यावर दोन दिवसांनी फोन आला की चार मुलांच्या आणि दोन बायकांच्या पोटावर, कमरेखाली आणि मांड्यांवर लाल, खाजणारे, टोकाला पू धरलेले पुरळ उठले आहे. त्यांच्याबरोबर टबात बसलेल्या, लेखिकेच्या नऊ वर्षांच्या मुलीलाही तसेच झाले. सासरे म्हणतात, "पावडर जास्त झाली म्हून आंगावर उठलं," आणि त्यांच्या सांगण्यावरून पाण्यात टाकायची ब्लीचिंग (क्लोरीनची) पावडर निम्मी केली आहे. सासूबाईंना गोवराचा संशय असल्याने मुलीची शाळा बंद आहे आणि उशाला कडुनिंबाचा पाला आहे. पतीचे म्हणणे असे की त्यानंतर येऊन गेलेल्या पाहुण्यांना आपण होऊन काही सांगू नये. भर हंगामात टब बंद करावा का, पाहुण्यांना सांगावे का आणि दोष नेमका कशाचा, असे त्यांनी विचारले आहे.

ताई,

तुमच्या पत्राच्या शेवटी, ताजा कलम म्हणून लिहिलेल्या एका ओळीपासून सुरुवात करतो, कारण माझ्या मते सगळ्या पत्राचे उत्तर तिच्यात आहे. तुम्ही लिहिले आहे की बोअरला पाणी कमी असल्यामुळे टबातले पाणी तीन आठवडे बदललेले नव्हते आणि पावडर आठवड्यातून एकदा, पाहुणे येण्याच्या आदल्या संध्याकाळी, मूठभर टाकली जात होती. आता ती अर्धी मूठ झाली आहे. घरातल्या सगळ्यांनी मिळून घेतलेला हा निर्णय सद्हेतूने घेतलेला असला तरी उलट्या दिशेने नेणारा आहे, आणि पुढचे पाहुणे येण्याआधी तो फिरवायला हवा.

पत्रावरून रोगनिदान करू नये, हे मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगत आलो आहे, त्यामुळे मुलीला डॉक्टरांना दाखवा, हे आधी सांगतो. तरीही तुम्ही केलेले वर्णन इतके नेमके आहे की संशय कुठे घ्यावा हे सांगता येते. गरम पाण्याच्या टबात बसल्यानंतर काही तासांपासून चार-पाच दिवसांपर्यंत, केसांच्या मुळाशी लाल पुळ्या येणे, त्यांना खाज सुटणे, काहींच्या टोकाला पू दिसणे आणि ओले कपडे अंगाला चिकटून राहिले त्या जागी त्या दाट असणे, हे स्यूडोमोनास एरुजिनोसा नावाच्या जंतूमुळे होणाऱ्या केसांच्या मुळांच्या संसर्गाचे ठरावीक चित्र आहे. हा जंतू जगभर ओलाव्यात राहतो, मातीत असतो, नळाच्या तोटीत असतो, न्हाणीघरातल्या कायम ओल्या राहणाऱ्या नायलॉनच्या घासणीतही असतो. १९७५ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात एका मोटेलच्या टबात बसलेल्या पाहुण्यांना असेच पुरळ उठल्याची नोंद झाली आणि तेव्हापासून वैद्यकाच्या पुस्तकांत या दुखण्याची ओळख टबाच्याच नावाने आहे.

आता पावडरीबद्दल. मामाजींचे, म्हणजे तुमच्या सासऱ्यांचे, म्हणणे मी हसण्यावारी नेणार नाही, कारण क्लोरीन जास्त झाला तर त्वचेला त्रास होतो हे खरेच आहे. परंतु तो त्रास वेगळा असतो: पाण्यातून निघता निघताच डोळे चुरचुरतात, कातडी कोरडी पडून ओढल्यासारखी होते, लाली आली तर ती उघड्या-झाकल्या अंगावर सारखी येते आणि साध्या पाण्याने अंघोळ केल्यावर बहुधा उतरू लागते. दोन दिवस थांबून, कपड्याखालीच, प्रत्येक केसाच्या मुळाशी वेगळी पुळी उठवणे हे पावडरीचे काम नव्हे.

मामाजींचा समज ज्यावर उभा आहे तो उग्र वास मात्र समजून घेण्यासारखा आहे. टबाजवळ औषधाचा वास नाकात जाईल इतका येत होता, म्हणजे औषध भरपूर होते, असा हिशेब बहुतेक लोक करतात आणि तो चुकतो. पाण्यातल्या क्लोरीनची गाठ घाम, अंगाचे तेल, मळ आणि (पोरे असली की हे आलेच) लघवी यांच्याशी पडली की त्यातून क्लोरामाइन नावाची संयुगे तयार होतात, आणि तो झोंबणारा वास प्रामुख्याने त्यांचा असतो. ही संयुगे जंतू मारण्यात फार मंद असतात. म्हणजे वास येतो तेव्हा क्लोरीन बहुतांशी मळाशी झगडण्यात खर्ची पडलेला असतो आणि जंतूंसाठी शिल्लक फारसे उरलेले नसते. नीट राखलेल्या पाण्याला वास जवळजवळ नसतोच.

गरम टबात ही झीज आणखी वेगाने होते. पाणी तापलेले असल्याने आणि बुडबुड्यांनी सतत घुसळले जात असल्याने क्लोरीन लवकर उडून जातो. टबात पाणी थोडे आणि माणसे दाटीने बसलेली, त्यामुळे दर लिटरमागे मळही टँकच्या कितीतरी पट असतो. जंतूला मात्र ती ऊब मानवते. प्रयोगशाळेत हा जंतू त्याच्या जवळच्या भाईबंदांपासून वेगळा ओळखण्याची एक जुनी खूण अशी आहे की तो ४२ अंश सेल्सिअसलाही वाढतो, आणि तुमचा टब ३८ ते ४० अंशांवर ठेवलेला असतो. आदल्या संध्याकाळी टाकलेल्या मुठीतले दुसऱ्या दिवशी दुपारी, दहा माणसे बसून गेल्यावर, काय उरले असेल याचा अंदाज तुम्हीच करा.

सासूबाईंनी उनकेश्वरचे उदाहरण दिल्याचे तुम्ही लिहिले आहे: किनवट तालुक्यातल्या त्या गरम झऱ्यावर लोक कातडीचे विकार घालवायला जातात, मग गरम पाण्याने कातडीचा विकार होईलच कसा? प्रश्न बिनतोड वाटतो, पण तो पाण्याच्या फक्त उष्णतेकडे पाहतो. झऱ्याला जमिनीतून सतत नवे पाणी येत असते. तुमच्या टबात तेच पाणी नळ्यांतून फिरून फिरून परत येते, आणि तुमच्या बाबतीत ते एकवीस दिवस फिरत होते. झऱ्याच्या गुणांविषयी मी येथे बाजू घेत नाही, कारण साठवलेल्या कुंडात पुष्कळ माणसे उतरत असतील तर तेथेही हाच विचार करावा लागतो.

आज एक गोष्ट करून पाहा. टबाची वीज बंद करा, हातात रबरी मोजा घाला आणि पाणी जेथून जोराने बाहेर पडते त्या तोटीच्या आत बोट घालून फिरवा. शेवाळलेल्या रांजणाच्या बुडाला लागते तसे बुळबुळीत लागले, तर तोच त्या जंतूचा वाडा समजा. जंतू सुटे तरंगत असताना क्लोरीनला लवकर बळी पडतात, पण नळीच्या आतल्या अंगाला चिकट थर करून त्यात राहिले की वरून टाकलेली पावडर त्यांच्यापर्यंत धड पोहोचत नाही. पाणी वरून नितळ दिसते. बुडबुडे सुरू झाले की त्या थराचे तुकडे सुटून बसणाऱ्यांच्या अंगावर येतात. म्हणूनच "पाणी तर आरशासारखे स्वच्छ होते" हे पाहुण्यांना दिलेले तुमचे उत्तर खरे असूनही उपयोगाचे नव्हते.

मुलीविषयी तुमच्या घरात जी चिंता आहे, ती आधी हलकी करू. गोवरात आधी तीन-चार दिवस चांगला ताप, खोकला, वाहते नाक आणि लाल डोळे असतात आणि पुरळ चेहऱ्यावरून, कानामागून सुरू होऊन खाली उतरते. तुमच्या मुलीला ताप नाही आणि चेहरा स्वच्छ आहे. कांजिण्यांत पाण्याने भरलेले फोड येतात, नव्या-जुन्या पुळ्या एकाच वेळी दिसतात आणि बहुधा तापही असतो. खरजेची खाज रात्री वाढते आणि बोटांच्या बेचक्यांत दिसते, शिवाय ती घरात एकाकडून दुसऱ्याकडे जाते. टबाचे हे पुरळ माणसाकडून माणसाकडे जात नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनीही तपासून हेच सांगितले, तर मुलीला शाळेत पाठवा. तिला वेगळे ताट आणि वेगळे अंथरूण देण्याचे कारण नाही. धडधाकट माणसात हे पुरळ साधारण सात ते दहा दिवसांत औषधाविनाच ओसरते, क्वचित मागे काळसर डाग काही आठवडे राहतात.

तिला सैल, सुती, कोरडे कपडे घाला, नखे कापा आणि पुळ्या फोडू देऊ नका. पाल्याला माझा विरोध नाही, फक्त तो वाटून फुटलेल्या पुळ्यांवर लेपू नका. विरोध आहे तो मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेल्या त्या लहानशा ट्यूबला, जी आपल्याकडे गजकर्णापासून घामोळ्यांपर्यंत सगळ्यावर चोळली जाते. अशा मलमांत पुष्कळदा स्टेरॉइड असते. त्याने खाज दोन दिवस दबते, पण संसर्गाला मोकळे रान मिळते आणि नंतर डॉक्टरांनाही मूळ रूप ओळखता येत नाही. ताप आला, पुळ्यांभोवती दुखरी सूज पसरू लागली, तळहात-तळपायाला लाल दुखऱ्या गाठी आल्या, स्तन दुखू लागले किंवा दहा दिवसांनंतरही नव्या पुळ्या येत राहिल्या, तर मात्र वाट पाहू नका. ज्यांना मधुमेह आहे किंवा ज्यांची प्रतिकारशक्ती एखाद्या औषधोपचारामुळे कमी झाली आहे, त्यांनी तर पहिल्याच दिवशी दाखवावे. टँकमध्ये डुंबल्यानंतर मुलांचा कान दुखू लागतो तेव्हाही पुष्कळदा हाच जंतू असतो, आणि तेव्हा कानात कोमट तेल सोडण्याची आपली रीत अपाय करते. कान बाहेरून टिपून कोरडा ठेवावा आणि तपासून घ्यावा.

टब बंद करावा का? हो, आजच, पण कायमचा नव्हे. पाणी पूर्ण काढा, आतली प्रत्येक बाजू ब्रशने घासा, गाळणीची कापडी नळकांडी धुऊन न वापरता नवीच बसवा. मग पाणी भरून त्यात मोकळा (मळाशी बांधला न गेलेला) क्लोरीन लिटरला २० मिलिग्रॅमपर्यंत चढवा आणि बुडबुड्यांची यंत्रणा सुरू करून ते पाणी सगळ्या नळ्यांतून फिरेल असे पाहा. टबातल्या हट्टी जंतूंसाठी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रांची शिफारस हे प्रमाण १० तास टिकवण्याची आहे. या काळात टबाजवळ कोणी, विशेषतः मुले, फिरकू नयेत. ते पाणी सोडून नवे भरले की टब पुन्हा वापरायला लायक होतो, मात्र पुढची शिस्त जमणार असेल तरच.

ती शिस्त आकड्यांची आहे. पिण्याच्या पाण्यात घरातल्या नळाला लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरला तरी पुरते. पोहण्याच्या टँकला किमान १ आणि गरम टबाला किमान ३ लागतो. ३० टक्के ताकदीची ब्लीचिंग पावडर धरली तर तुमच्या टबाला ३ मिलिग्रॅमसाठी सुमारे १५ ग्रॅम आणि टँकला १ मिलिग्रॅमसाठी सुमारे २०० ग्रॅम पावडर लागेल, पण हे फक्त स्वच्छ पाण्याचे गणित आहे. माणसे उतरली की ते मोडते. मूठ आणि वाटी ही मापे पावडरीला लावूच नका. नव्या पावडरीत ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो, पण तुमच्यासारखी चाऱ्याच्या टिनाच्या शेडमध्ये तोंड उघडे ठेवलेली गोणी असेल तर ऊन आणि दमट हवा यांनी ती महिन्या-दोन महिन्यांत फिकी पडते. मूठ तीच राहते, औषध मात्र कमी झालेले असते.

म्हणून टाकण्यापेक्षा मोजण्याला महत्त्व द्या. तुमच्या ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक बाटलीत दोन थेंब टाकून पिवळा रंग पाहतो, ती ओटी टेस्ट तुम्हाला ठाऊक आहे आणि तुम्ही तीच वापरता. ती विहिरीच्या पाण्याला ठीक आहे, परंतु टबात ती फसवते, कारण मळाशी बांधला गेलेला निकामी क्लोरीनही तिला पिवळा रंग देतो. गुलाबी रंग दाखवणारी डीपीडी गोळ्यांची पेटी मागवा. ती मोकळा, कामाचा क्लोरीन वेगळा सांगते आणि तिच्याच पेटीत पाण्याचा सामू (पीएच) पाहण्याची सोय असते. सामू ७ ते ७.८ च्या दरम्यान असावा. आपल्याकडचे खोल बोअरचे पाणी जड, त्यात ब्लीचिंग पावडर सामू वर ढकलते, आणि सामू ८ च्या पुढे गेला की तोच क्लोरीन असून नसल्यासारखा होतो: साडेसातला त्याचा निम्मा भाग जोमदार रूपात असतो, आठला जेमतेम चौथा हिस्सा. सामू खाली आणायला आम्ल लागते, आणि येथे एक ताकीद देतो जी मी दोनदा लिहिली असती तरी चालले असते. आम्ल आणि ब्लीचिंग पावडर कधीही एका बादलीत, एका मापाने किंवा एकामागोमाग घालू नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो. बाजारात मिळणाऱ्या ट्रायक्लोरच्या गोळ्याही पावडरीत मिसळू नका, त्यांचा भडका उडतो. पावडर प्लास्टिकच्या बादलीतल्या पाण्यात कालवावी, चुना खाली बसू द्यावा आणि वरची निवळी टबात कोणी नसताना ओतावी.

मोजणी दिवसातून किमान दोनदा, पाहुण्यांच्या गर्दीत त्याहून जास्त वेळा, आणि टँकची तर दुपारी हमखास, कारण उघड्या पाण्यातला क्लोरीन उन्हाने काही तासांत उडतो. फेब्रुवारीनंतरचे आपल्याकडचे ऊन काय असते हे मी तुम्हाला सांगायला नको. आकडे वहीत लिहा आणि वही टबाजवळ टांगा. हे काम तुम्ही स्वतःकडे घ्या, असे मी सुचवीन. मामाजींचा अनुभव बागेत तुमच्या-माझ्यापेक्षा मोठा आहे, पण पावडर "अंदाजाने" टाकणाऱ्या हाताला मोजून टाकण्याची सवय लागणे अवघड जाते. त्यांना वही दाखवत चला. पहिल्या आठवड्यात दुपारचा आकडा शून्यावर आलेला त्यांनी स्वतः पाहिला की वाद मिटेल.

पाणी कधी बदलायचे यासाठी एक सोपा हिशेब आहे: टबाच्या लिटरना १२ ने भागा, आलेल्या आकड्याला रोजच्या बसणाऱ्यांच्या संख्येने भागा, तितक्या दिवसांनी पाणी बदला. तुमच्या १,५०० लिटरच्या टबात रोज २० माणसे बसत असतील तर सहा दिवस. वरूड-मोर्शीकडे पाणी किती खोल गेले आहे हे मला ठाऊक आहे, त्यामुळे हा हिशेब तुम्हाला जड वाटेल. तो परवडणारा नसेल, तर टब न ठेवणे हाच प्रामाणिक पर्याय आहे, आणि त्यात कमीपणा नाही. थंडीत शेकोटीभोवती बसून हुरडा खाणाऱ्या माणसाला पाय बुडवायला गरम पाण्याचे घंगाळ दिले तरी तो सुखावतो. ते दर माणसामागे ओतून टाकून घासता येते आणि त्याला आत नळ्या नसतात.

पाहुण्यांकडून जे हवे ते नम्रपणे पण ठामपणे मागा. उतरण्याआधी साबणाने अंघोळ, किमान एक मिनिट अंगावरून पाणी, आणि शेतात फिरलेल्या कपड्यांऐवजी स्वच्छ कपडे. आपल्याकडे बायका साडी किंवा पंजाबी ड्रेससह उतरतात, त्यावरून कोणाला अडवू नये, पण बाहेर आल्यावर त्याच ओल्या कपड्यांत तासभर फोटो काढत बसू देऊ नका. कपडे बदलायची आडोशाची जागा टबाच्या जवळच करा. बाहेर आल्यावर पुन्हा साबणाने अंघोळ करावी आणि कपडे धुऊन उन्हात वाळवावेत. त्याच दिवशी दाढी, वॅक्सिंग केलेले असेल किंवा अंगावर जखम असेल तर टब टाळावा. पाच वर्षांखालील मुलांना गरम टबात बसवू नये, गर्भवतींनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बसू नये आणि पाणी ४० अंशांच्या वर नेऊ नये.

राहिला सांगण्याचा प्रश्न, ज्यावर तुमचे आणि पतीचे दुमत आहे. आपण होऊन सांगणे म्हणजे आपल्याच पायावर धोंडा मारून घेणे, असे ते म्हणतात. धंद्याची त्यांची काळजी मला खोटी वाटत नाही. परंतु त्या कुटुंबानंतर, पावडर निम्मी केल्यावर, आणखी दोन कुटुंबे टबात बसून गेली आहेत. त्यांच्यातल्या एखाद्या मुलाला पुरळ उठले असेल तर त्याची आई आत्ता तीच ट्यूब चोळत असेल किंवा मुलाला वेगळे बसवून असेल. शिवाय निष्काळजी टबाच्या वाफेतून लिजिओनेला नावाचा दुसरा जंतू फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया करू शकतो, आणि तो पन्नाशीपुढच्या माणसांना, विशेषतः बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांना, जिवावर बेततो. ताप-खोकला आला तर "आम्ही टबात बसलो होतो" हे वाक्य त्यांच्या डॉक्टरांना कळणे गरजेचे आहे.

फोनवर लांबण लावू नका. असे म्हणा: आमच्या गरम टबात बसलेल्या काही जणांना पुरळ उठले आहे, पाण्यातले औषध कमी पडले असावे, टब आम्ही बंद केला आहे; तुमच्याकडे कोणाला पुरळ, ताप किंवा खोकला असेल तर डॉक्टरांना दाखवा आणि टबाचा उल्लेख करा. ज्यांनी पहिला फोन केला त्या कुटुंबालाही हे कळवा, कारण आजवर त्यांना तुमच्याकडून "पावडर जास्त झाली" एवढेच ऐकायला मिळाले आहे. पतीला बोलणे जड जात असेल तर फोन तुम्ही करा.

आणि टबातले काढलेले पाणी संत्र्याच्या आळ्यात सोडू नका, त्या झाडाला क्षार सोसत नाहीत. दोन दिवस उन्हात उघडे राहू द्या, क्लोरीन उडाला की नाही ते त्याच गुलाबी गोळीने पाहा आणि मग धुऱ्यावरच्या सागाला द्या.